मिरजेच्या कॅन्सर वॉर्डातल्या लहान मुलांसाठी काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. माझ्या बहिणीच्या मुलीला, वय वर्षे सहा, जूनमध्ये रक्ताचा कॅन्सर निघाला. ए.एल.एल. म्हणतात तो, लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा. उपचार मिरजेत सुरू आहेत. बरी होण्याची आशा चांगली आहे, पण दोन-अडीच वर्षं लागतील असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा काढे, पपईच्या पानांचा रस, कुणाकुणाचे अनुभवी वैद्य यासाठी हा धागा नाही. कृपया ते नको.

मला विचारायचंय ते असं की एवढा काळ दवाखान्यात जा-ये करणाऱ्या लेकराला बरं वाटावं म्हणून घरच्यांनी नक्की काय करावं? रात्रपाळीला बहुतेक मीच असते, त्यामुळे आता वॉर्डातली बाकीची मुलंही आपलीच वाटायला लागली आहेत.

आधी आमची चूक सांगते. पाठीतल्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आम्ही तिला "गणपतीला जायचंय" म्हणून रिक्षात बसवलं. दोन आठवडे पोर रिक्षा बघितली की किंचाळायची. खरोखर गणपतीला नेऊ म्हटलं तरी विश्वास नाही. "टोचणार नाही" असंही आम्ही मोठी माणसं किती सहज बोलून जातो! आता सगळं आधी सांगतो. कालनिर्णयवर पाठीच्या सुईचा दिवस लाल पेन्सिलीने तीच रंगवते. सुई उजव्या हाताला की डाव्या, हे सिस्टर तिला विचारतात. तेवढंच तिच्या हातात आहे, पण त्या एका प्रश्नाने तिचा चेहरा बदलतो. चिंध्यांच्या बाहुलीला तिने कॅन्युलासारखी (सलाईनसाठी हाताला लावून ठेवतात ती नळी) पट्टी लावलीय आणि रोज बजावते, "हलू नको गं, झालंच बघ."

रात्री जास्त अवघड जातात. पहिल्या महिन्यात स्टेरॉइड असतं, त्याने भूक खवळते आणि चिडचिडही होते. रात्री दोनला उठून भडंग मागते. सांगलीचंच लेकरू ते, दुसरं काय मागणार? पण तोंड आलेलं, तिखट-लसूण लागलं की डोळ्यांतून पाणी. शेवटी एके रात्री मी डबा उघडून नुसता वास घेऊ दिला आणि मऊ वरणभात भरवला. वास घेत घेत सगळा खाल्लान.

आता प्रश्न. वॉर्डातल्या मुलांसाठी आम्ही काहीजणी पिशव्या शिवतोय, प्रत्येक मुलाला एक. पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून फुलं, केसाळ टेडी, कुणाची वापरलेली खेळणी हे सगळं बाद. पुसता येईल किंवा गरम पाण्यात धुता येईल तेवढंच चालतं. किमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस जातात, त्यासाठी मऊ सुती टोप्या शिवल्यात. लोकर डोक्याला टोचते. आणखी काय घालावं? माझ्या मनात आजीच्या साडीची छोटी वाकळ होती, पण जाड वाकळ आतून लवकर वाळत नाही. दोनच पदरांची केली तर?

दुसरं, शेजारच्या खाटेवर अथणीकडचा आठ वर्षांचा मुलगा आहे. मिरजेला कर्नाटकातून किती पेशंट येतात ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला फक्त कानडी येतं. सिस्टरना येतं थोडं, पण त्यांना बसायला वेळ कुठला? वडील शेतावर, आई दिवसभर गप्प. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याच्यासाठी काय करू?

तिसरं, आमच्या भाचीचा मोठा भाऊ, वय दहा. आईबाबा मिरजेत, हा माझ्या सासूबाईंकडे. परवा म्हणाला, "मला ताप आला तर तुम्ही माझ्याजवळ पण बसाल?" यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

---

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, सातारा):
ताई, वाकळ दोनच पदरांची करा. नवी असली तरी आधी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, स्वच्छ पिशवीत बंद करून द्या. सुईच्या वेळी मुलाला झोपवून चौघांनी धरू नका. आईने मांडीवर बसवून छातीशी धरायचं, हात सिस्टरकडे. आणि साबणाच्या पाण्याचे फुगे फुंकायला द्या, लांब श्वास सोडताना हात आपोआप सैल पडतो. प्रत्येकाची बाटली वेगळी, वॉर्डात विचारून. बधिर करणारं मलमही मिळतं, सुईच्या तासभर आधी लावून वर पट्टी झाकायची. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने लावू नका. आणि ताप १००.४च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका.

प्रतिसाद (विट्याची एक आई):
माझ्या मुलाचे उपचार परळला टाटाला झाले. तिथे सेंट ज्यूडच्या केंद्रात राहायला मिळालं. बाहेरगावच्या कुटुंबांना विनामूल्य ठेवतात, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. तुम्हाला खेळणी सुचताहेत, पण माझ्या मुलाला सगळ्यात बरं वाटायचं मी भाकरी थापत असताना. तो आवाज ऐकत झोपायचा. अथणीच्या आईला तिच्या हातचं काही करता येईल अशी चूल कुठे जवळ मिळते का बघा. ती गप्प आहे कारण तिला तिथे करायला काहीच उरलेलं नाही.
भावाला म्हणा, "हो, बसू." आणि तापाशिवायही बसा. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त त्याची. शिवाय हा आजार त्याच्यामुळे झालेला नाही, त्याच्या भांडणाने नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. माझी मुलगी दीड वर्ष तेच मनात धरून होती.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. भावाबद्दलचं वाचून रडू आलं. काल संध्याकाळी त्याला घेऊन आयर्विन पुलावर गेले, कणीस खाल्लं. मग विचारलं. त्याने खरंच धरलं होतं मनात. मे महिन्यात त्याने तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं, त्यानेच झालं म्हणून.

अथणीच्या आईसाठी आमच्या ओळखीच्या एका मावशींनी दवाखान्यामागचं त्यांचं स्वयंपाकघर दुपारी उघडं ठेवायचं कबूल केलंय. आज तिने जोंधळ्याची भाकरी केली, लेकाला ताजी, गरम, चुरून भरवली.

कानडी गोष्टींचं मात्र अजून जमलेलं नाही. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये इथेच मराठी नाटक उभं केलं. मग आपल्यात कानडी बोलणारं, आवाज काढून गोष्ट सांगणारं कुणीतरी असेलच. वॉर्डात यायची गरज नाही, फोनवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं तरी चालेल. राक्षस वगैरे नको, बैल आणि कोल्हे चालतील, त्याला बैल आवडतात असं त्याच्या आईने आज भाकरी थापताना सांगितलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाट बघते.