करोनानंतरचा दम: अजिंक्यतारा चढावा का?

प्रश्न (सातारा)
करोनाच्या न्यूमोनियात माझ्या वडिलांना ऑक्सिजनवर ठेवावे लागले होते. आता ताप-खोकला नाही, परंतु राजवाड्यावरून भाजी आणताना त्यांना वाटेत टेकावे लागते आणि आंघोळ झाली की बराच वेळ पडून राहावे लागते. श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचे स्पायरोमीटर ते नेमाने ओढतात. शेजारचे काका म्हणतात, रोज पहाटे थोडा थोडा अजिंक्यतारा चढा, फुप्फुसे मोकळी होतील. फुप्फुस पुनर्वसन म्हणजे याहून वेगळे काही असते का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सांगली)
असते, आणि गड तूर्त राहू द्यावा. त्या यंत्राने खोल श्वास घेण्याचा सराव होतो, पण अंथरुणात झिजलेल्या मांड्या त्याने भरून येत नाहीत, आणि चालताना लागणाऱ्या दमात अशक्त पायांचा वाटा पुष्कळ असतो. प्रथम छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसातील व्रण, रक्ताची गुठळी व हृदयविकार यांची शंका फेडून घ्यावी. नंतर सपाट मार्गिकेत ६ मिनिटे चालवून अंतर मोजतात आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील ऑक्सिजनचा आकडा पाहतात; कारण बसल्या जागी ९६ दाखवणारा माणूस चालल्यावर ९० च्या खाली जाऊ शकतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यावरून चालण्याचा वेग ठरतो. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, हलकी वजने, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, असा हा क्रम साधारणतः ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा तरी देखरेखीखाली चालतो.

उत्तर (कराड)
वरील उत्तर योग्यच आहे, मात्र आंघोळीनंतर पडून राहावे लागते हे वाक्य माझ्या डोळ्यांत भरले. श्रम केल्यावर त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग गळून जात असेल, डोके जड होत असेल, तर रोज थोडे वाढवत नेण्याचा नियम अशा रुग्णाला उलटा बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही अशांना श्रम बेताने वाटून घेण्यास सांगितले आहे. माझ्या पत्नीने आंघोळ स्टुलावर बसून आणि स्वयंपाक दोन टप्प्यांत सुरू केला, तेव्हा कुठे तिला व्यायाम झेपू लागला. (जिद्दीने बरे होण्याचा आपल्याकडचा आग्रह येथे नडतो.)

प्रश्नकर्ता
दुसऱ्या दिवशीचा थकवा आम्ही कधी पाहिलाच नव्हता; आजपासून वहीत लिहितो. डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सांगली)
ती वही, डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाचा सीटी स्कॅन न्यावा. नुसता अहवाल नको, फिल्मही असू द्यावी. नवा स्कॅन काढावा लागला तर ताडून पाहायला ती लागते.