पाचच्या बटणावरचा ठिपका: फोन-नेटवाल्यांचे तुमचे अनुभव

ओसरी:
काल माळा आवरताना आत्याचा जुना बटणांचा फोन सापडला. धूळ पुसताना अंगठा मधल्या बटणावर थबकला. पाचच्या आकड्यावर बारीकसा उंचवटा असतो बघा, खसखशीच्या दाण्याएवढा. आत्याला दिसत नव्हतं. तो ठिपका लागला की तिथून वरचा दोन, खालचा आठ, बाजूचे चार-सहा असा तिचा अंगठा फिरायचा आणि मी यादीत नाव शोधेपर्यंत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं.

धाकटा भाऊ शिकायला तिच्याकडे राहायचा, त्याच्यासाठी तिने घरी नेट घेतलं. घेताना माणूस घरी आला, सही घेतली, झालं. भाऊ गेल्यावर बंद करायचं तर फक्त त्यांच्या साइटवरून. संगणक तिला वाचून दाखवायचा, त्यामुळे ती शेवटच्या पानापर्यंत पोचली. तिथे वेडीवाकडी अक्षरं असलेलं चित्र, ती ओळखून टाका. ऐकायची सोय नाही. फोन केला तर उत्तर, "शेजारी कोणाकडून तरी वाचून घ्या." आत्या म्हणाली, "मग पासवर्डही त्यांनाच सांगू का?" पलीकडे शांतता.

न वापरलेल्या नेटची सात बिलं आली. शेवटी मी जाऊन चार मिनिटांत बंद केलं. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "मला येत नव्हतं असं नाही गं. मला करू दिलं नाही."

आत्या आता नाही. फोन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. तुमचे, घरच्यांचे असे अनुभव असतील तर लिहा.

पायवाट:
रुमाल टाकून ठेवते. कपडे वाळत घालून येते मग सविस्तर.

खिडकी:
आत्ता लँडलाइन बघितला. आहे ठिपका! इतकी वर्षं वापरतोय, कधी जाणवलाच नाही. कीबोर्डवर एफ आणि जे वरही असतात तसे, न बघता बोटं जागेवर यावीत म्हणून.

मौनराग:
मला जन्मापासून ऐकू येत नाही. नेट बंद पडलं, लेखी तक्रार केली. फोन नंबराचा रकाना सक्तीचा म्हणून भरला आणि खाली लिहिलं, "मी बहिरा आहे, कृपया लेखी कळवा." चौथ्या दिवशी तक्रार बंद. शेरा: "ग्राहकास तीन वेळा फोन केला, प्रतिसाद नाही."
पुन्हा केली. पुन्हा तोच शेरा.
तिसऱ्या वेळी बायकोने माझ्या नावाने फोन घेतला, तर म्हणे खातेदाराशीच बोलायचंय.

पारिजात:
@मौनराग, वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे उलट. ह्यांना पक्षाघात झाल्यापासून शब्द सापडायला वेळ लागतो. डोकं लख्ख आहे, सगळं कळतं. कंपनीच्या फोनवर पूर्वी "एक दाबा, दोन दाबा" होतं, ते ह्यांना जमायचं. आता यंत्र म्हणतं तुमची अडचण बोलून सांगा. हे तोंड उघडेपर्यंत "मला समजलं नाही". तिसऱ्यांदा फोन कट. ह्यांनी रिसीव्हर इतका हळू खाली ठेवला की मला रडू आलं.
ओटीपीचंही तेच, उजवा हात कापतो, चार आकडे होईतो वेळ संपलेली.

सांजवारा:
ताई, काळजी घ्या. स्पीच थेरपी चालू आहे का? माझ्या काकांना खूप फरक पडला.

पारिजात:
हो, चालू आहे. सोमवारी "खिडकी" हा शब्द अख्खा म्हणाले.

खिडकी:
हे वाचून फार बरं वाटलं. माझं नाव कारणी लागलं :)

रानवारा:
मी अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी आहे. घाईत लिहितोय.
ओसरी यांच्या आत्यांसारखी माणसं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर वापरतात. बोट फिरवलं की फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की बटण दाबलं जातं. पण बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलेलंच नसेल तर फोन नुसतं "बटण" म्हणतो. मग पुढचंही "बटण". त्यातलं एक पैसे भरायचं, एक रद्द करायचं. नाव द्यायला एक ओळ लागते, एकच.
यासाठी वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स १९९९ पासून आहेत. साध्या अक्षराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक निदान ४.५ ला १ हवा. पारिजातताई, वेळेचंही त्यात आहे: काही अपवाद सोडले तर वेळ संपण्याआधी सूचना द्यायची, वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यायचे, आणि अशी वेळ दहादा तरी वाढवता आली पाहिजे. कोड नुसता चिकटवता यावा, आठवून टाकायला लागू नये, हे २०२३ च्या आवृत्तीत आलं.
ही कलमं मी बैठकीत काढतो तेव्हा "पुढच्या खेपेला बघू" म्हणतात. पुढच्या बैठकीत आत्यांचं वाक्य वाचून दाखवलं तर चालेल का?

ओसरी:
अवश्य दाखवा. तिला आवडलं असतं.

पायवाट:
आले. माझ्या बाबतीत डोळे-कान धडधाकट, तरी तासभर गेला. मोफत महिना घेताना दोन टिचक्या. रद्द करायला आधी सेटिंग, मग खातं, मग योजना, मग "आम्हाला सोडून जाताय?", मग कारण निवडा. शेवटी ठसठशीत रंगीत बटण "राहू द्या" आणि खाली फिकट राखाडीत "पुढे जा". सासूबाईंना तर ते दिसलंच नव्हतं, त्या वर्षभर भरत होत्या.

रानवारा:
याला नाव आहे, डार्क पॅटर्न. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये ते रूढ केलं. आत शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड, हा त्यातला जुना प्रकार. आणि फिकट राखाडी म्हणजे वरच्या ४.५ लाही धक्का.

टीपकागद:
थोडं विषयांतर. १०० एमबीपीएसचे पैसे घेतात, फाइल उतरताना ११-१२ च्या वर जात नाही. ही फसवणूकच ना?

खिडकी:
नाही, ती जाहिरात मेगाबिटची असते आणि फाइल मेगाबाइटमध्ये दिसते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चे जास्तीत जास्त साडेबारा. तुमचं ठीक चाललंय. खरंच कमी वाटलं तर वायफायवर नको, राउटरला वायर लावून मोजा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.

टीपकागद:
अरे वा, धन्यवाद. हे कोणी सांगत का नाही!

सांजवारा:
ओसरी, तो जुना फोन चार्जिंगला लावू नका हं. बॅटरी फुगली आहे का बघा आधी.

ओसरी:
फुगलीय, मागचं झाकण नीट बसत नाही. काय करू?

सांजवारा:
दाबू नका, भोक पाडू नका, कचऱ्यात तर नकोच. ई-कचरा घेतात तिथे द्या. फोन राहू दे.

मौनराग:
ओसरींच्या ठिपक्यावरून आठवलं. फोन बहिऱ्यांना वापरता यावा म्हणून १९६४ मध्ये टेलिप्रिंटर फोनलाइनला जोडायचं यंत्र करणारे रॉबर्ट वाइटब्रेक्ट स्वतः बहिरे होते. पदार्थविज्ञानाचे. रिसीव्हर यंत्रावर ठेवायचा, अक्षरांचे सूर होऊन पलीकडे जायचे, तिथे पुन्हा अक्षरं. साठ वर्षांपूर्वी हे जमलं, आणि मला अजून "फोन उचलला नाही" शेरा मिळतो.
माझी तक्रार शेवटी कशी सुटली ते सांगायचं राहिलं. चौथ्या वेळी वरच्या अधिकाऱ्याला मेल केला.

पारिजात:
काय लिहिलंत? इथे टाकता का?

मौनराग:
"मी बहिरा आहे. तक्रार क्रमांक अमुक, अमुक आणि अमुक मी लेखी दिल्या, आपण त्या फोनवरून बंद केल्या. माझ्याशी फक्त मेलवर किंवा मेसेजवर संपर्क करा, आणि तशी नोंद माझ्या खात्यावर कायमची करून ती झाल्याचं मला लेखी कळवा. सेवा बंद होती त्या दिवसांचे पैसे परत हवेत, दिवस खाली लिहिले आहेत."
दिवस एकेक करून लिहिले होते. तीन दिवसांत नेट सुरू झालं. नोंदही झाली.

पारिजात:
उतरवून घेतलं. "बहिरा" च्या जागी ह्यांचं लिहिते. मजकूर हेच सांगणार आहेत, मी टाइप करणार. दुपारी बसतो दोघं.