पाय दाबला की झालं?

‘ऑटोमॅटिकमध्ये नुसता पाय दाबायचा, त्यात ड्रायव्हरचं काय कौशल्य?’ असं ड्रॅग रेसबद्दल (दोन गाड्यांची सरळ रस्त्यावरची शर्यत) वर एका भावानं लिहिलंय. अर्धंच पटलं.

मॅन्युअलची खरी परीक्षा सुटतानाच होते. क्लच झटकन सोडला की चाकं जागेवर फिरतात, रेंगाळला की क्लच घसरत राहतो आणि वेळ जातो. त्यात आपल्या बहुतेक हॅचबॅकना ओढ पुढच्या चाकांची. जोरात निघताना वजन मागं जातं आणि पुढची पकड आणखी सुटते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं गाडीचं कितीबी काम करून आणा, हे पायालाच यावं लागतं. गिअर बदलण्यात मात्र ड्युअल क्लचच्या (दोन क्लच लावून आपोआप गिअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिकच्या) नादी लागू नये, हरणार.

पण अमेरिकेत ब्रॅकेट रेसिंगमधले मुरलेले गडी मुद्दाम ऑटोमॅटिक घेतात. तिथं आपला वेळ आधी सांगायचा, त्याहून लवकर पोचला तर सहसा बाद. दर खेपेला तोच वेळ काढायला ऑटोमॅटिक बरी. मग लढत उरते दिव्याची, म्हणजे हिरवा लागताच कोण पटकन सुटतो त्याची. 402 मीटरच्या (पाव मैलाच्या) शर्यतीचं घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं, त्यामुळं वेळ भारी काढूनही हिरव्या दिव्यावर झोपलेला हरतो. (बायपासवर रात्री दोघं भिडले, त्याला मी ड्रॅग धरत नाही.)