पोलिसांवरची विनोदी मांगा (जपानी कॉमिक): 'कोचिकामे' कुठून सुरू करू?

प्रश्न: धाकट्या भावाला अ‍ॅनिमेचं वेड आहे, पण मारामाऱ्यांचा कंटाळा आलाय. 200 खंड बघून मीच दचकले!

सई: कुठलाही खंड उचल गं, बहुतेक गोष्टी सुट्या आहेत. टोकियोतल्या कामेआरीच्या चौकीतला हवालदार र्‍योत्सु मला मनापासून आवडतो. ड्युटीवर प्लास्टिकची मॉडेलं जोडतो, झटपट पैशाच्या योजना काढतो, आणि शेवटी त्याचे वरिष्ठ ओहारासाहेब संतापून त्याच्या मागे! छंदात बुडालेल्या माणसाला इतक्या प्रेमाने क्वचितच कुणी रंगवलंय. लेखक-चित्रकार ओसामु आकिमोतोंनी 1976 ते 2016 हे दर आठवड्याला काढलं.

नीलेश: कामेआरी स्टेशनबाहेर र्‍योत्सुचा पुतळासुद्धा आहे.

प्रश्नकर्ती: मॉडेलं? मग भावाचाच माणूस हा! आजच शोधते.