जुना प्रोपेन डिटेक्टर पहाटे विनाकारण वाजतो

प्रश्न: मोटरहोममधला प्रोपेन डिटेक्टर आठ वर्षं जुना आहे. 12 व्होल्टवर चालतो, स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलाय. हल्ली पहाटे 3-4 च्या सुमारास वाजतो, पण गॅसचा वास येत नाही. टेस्टचं बटण दाबलं की व्यवस्थित वाजतो, म्हणजे सेन्सर ठीक समजायचा का? आणि तोवर फ्यूज काढून ठेवला तर चालेल का?

उत्तर १: फ्यूज काढू नका. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सरला गॅस कळतो की नाही हे त्यावरून समजत नाही. आतला सेन्सर टिन ऑक्साइडचा, सतत तापवलेला असतो. 5 ते 7 वर्षांत तो ढळतो: कधी उगाच वाजतो, कधी खरा गॅस असूनही गप्प बसतो. मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख छापलेली असते, ती बघा. आठ वर्षं झाली असतील तर बदलायचाच.

पण बदलण्याआधी गळती नाही याची खात्री करा. प्रोपेन हवेपेक्षा जवळपास दीडपट जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या नाकाला वास येईलच असं नाही. हवेत 2.1 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. डिटेक्टर त्याच्या कितीतरी आधी वाजायला हवा. वाजला की ज्योत विझवा, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका (पंखासुद्धा), दारं उघडून बाहेर पडा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करा.

उत्तर २: गळतीसाठी भांडी घासायचा साधा साबण पाण्यात कालवून प्रत्येक जोडावर ब्रशने लावा, बुडबुडे आले की सापडली. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काही वापरू नका, अमोनियाने पितळी जोड तडकतात.

मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजायचं साधन) असेल तर जास्त खात्री होते. सगळी उपकरणं आणि पायलट (सतत पेटती छोटी ज्योत) बंद, सिलिंडर उघडून पुन्हा बंद करा, मग एका बर्नरमधून थोडा गॅस सोडून दाब पाण्याच्या 8 इंचांवर (8 इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका) आणा. 3 मिनिटं काटा हलता कामा नये. दाब आधी 8 वर उतरवण्याचं कारण असं की, रेग्युलेटर पूर्ण दाबाला मिटून बसतो आणि त्याच्या मागच्या, म्हणजे सिलिंडरकडच्या बाजूची गळती दिसत नाही.

उत्तर ३: पहाटेच वाजतो, हे मला बॅटरीचं लक्षण वाटतं. हीटरचा पंखा रात्रभर चालला की व्होल्टेज पडतं, आणि बऱ्याच डिटेक्टरांना ते सोसत नाही. वाजताच डिटेक्टरच्या तारा तपासत बसू नका, आधी बाहेर पडा. गळती नाही हे पक्कं झाल्यावर पुढच्या रात्री मल्टिमीटरने तारांवर मोजा. बॅटरीवर 12.4 आणि डिटेक्टरवर 11 च्या खाली आलं, तर दोष जोडणीत किंवा अर्थिंगमध्ये आहे.

बॅटरी लेड-अ‍ॅसिड असून जास्त चार्ज होत असेल तर निघणारा हायड्रोजनही सेन्सरला लागतो. सोबत सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो प्रोपेनच्या वासाशी सहज गल्लत होणारा असतो. मात्र आधी गळती समजूनच वागा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. गळती नाही, तारीखही उलटली आहे. नवीन बसवताना काय जपायचं?

उत्तर १: जुन्या खाचेच्या मापाचा घ्या. फ्यूज काढा, दोन स्क्रू सोडवा, लाल तार धनला आणि काळी ऋणला, क्रिंप जोड (पक्कडीने दाबून बसवायचा तारांचा जोड) पक्का दाबा. पहिली काही मिनिटं सेन्सर तापेपर्यंत दिवा लुकलुकेल, ते ठीक. जागा बदलून वर नेऊ नका.

सिलिकॉन सीलंट, स्प्रे पेंट, हेअरस्प्रे, सॅनिटायझर जवळ वापरू नका. यातल्या सिलिकॉनची वाफ सेन्सर कायमचा निकामी करते. स्प्रेच्या डब्यात तर बहुधा प्रोपेन-ब्युटेनच असतात, तेव्हा तो वाजणं बरोबरच आहे. धूळ कोरड्या व्हॅक्यूमने काढा, पुसायला द्रावण नको. नवीन डिटेक्टरच्या अंगावर मार्करने बसवल्याची तारीख लिहून ठेवा, पण बदलायची वेळ मोजायची ती मागे छापलेल्या तारखेवरूनच.