शब्दचर्चा: ‘व्हॉलंटरी सोसायटी’ म्हणजे स्वयंसेवी संस्था?

पानवाचक: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लिकन चर्चवरच्या (इंग्लंडच्या अधिकृत चर्चवरच्या) लेखाचं भाषांतर चालू आहे. ‘व्हॉलंटरी सोसायटी’ला स्वयंसेवी संस्था लिहिलंय, पण पानोपानी खटकतंय. ‘रिव्हायव्हल’ आणि ‘चॅरिटी’चंही सुचवा.

शिलालेख: खटकणारच. स्वयंसेवी म्हटलं की बिनपगारी राबणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. इथे मुद्दा पैशाचा आहे. १६०१ च्या कायद्याने इंग्लंडात पॅरिशवार (एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे) गरिबांसाठीची पट्टी सक्तीची होती, चर्चचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तोही सक्तीचाच. या दोन्हींबाहेर लोकांनी आपखुशीने पैसे घालून चालवलेली ती ‘व्हॉलंटरी’. म्हणून ‘ऐच्छिक’, नाहीतर सरळ ‘वर्गणीवर चालणारी संस्था’.

रेघोट्या: माझं मत वर्गणीलाच. देणगी लिहू नका. देणगी दिली की विषय संपला. वर्गणीदाराला हक्क मिळत. इस्पितळांचं बघा. वर्षाला ठरावीक गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) भरणारा ‘गव्हर्नर’ होई. कारभारात त्याला मत असे, शिवाय शिफारसपत्र देऊन रोगी दाखल करण्याचा अधिकार. रोगी ते पत्र घेऊन ठरलेल्या वारी हजर होई. अपघातातल्या जखमीला पत्राविना घेत. सांसर्गिक ताप किंवा असाध्य दुखणं असेल, तर बहुतेक ठिकाणी पत्र असूनही परत पाठवत. गोम अशी की ज्याच्या ओळखीत वर्गणीदार नाही, तो गरीब दारातच अडे. म्हणूनच १८२८ मध्ये विल्यम मार्सडेन यांनी पत्राची अट नसलेला दवाखाना काढला. पुढचं रॉयल फ्री हॉस्पिटल ते हेच. आणि हो, वर्गणीदारांची नावं रकमेसकट अहवालात छापत, आपल्या गणेशोत्सवाच्या फलकासारखी. देणाऱ्यांना त्याचंही अप्रूप असावंच!

पानवाचक: मग ‘सोसायटी’ला ‘मंडळी’ लिहू का?

शिलालेख: नको. मराठी ख्रिस्ती वापरात मंडळी म्हणजे खुद्द चर्च, उपासकांचा समाज. या सोसायट्या तशा नव्हत्या. चर्च मिशनरी सोसायटी १७९९ मध्ये लंडनच्या ‘कॅसल अँड फाल्कन’ या सराईत १६ पाद्री आणि ९ प्रापंचिकांनी (पाद्री नसलेल्यांनी) स्थापली, बिशपांनी नव्हे. बायबलच्या प्रसारासाठी निघालेल्या १८०४ च्या बायबल सोसायटीच्या समितीत तर ३६ जण, सगळे प्रापंचिक: १५ अँग्लिकन, १५ इतर प्रॉटेस्टंट पंथांचे, ६ लंडनमध्ये राहणारे परदेशी. तुमच्या लेखात ‘नागरी समाज’ (सरकार आणि चर्च यांच्याबाहेर लोकांनी आपणहून उभारलेल्या संस्थांचं जग) येत असेल, तर तो अशा समित्यांमधून घडला. ‘संस्था’ पुरे, नावात असेल तिथे ‘सोसायटी’च ठेवा.

चौकटीबाहेर: ‘रिव्हायव्हल’ला ‘पुनरुज्जीवन’ लिहिलंत, तर ते वाचून चर्च आधी बंद पडलं होतं असं वाटेल. ते दशमांशासकट सुरूच होतं. जाग आली ती माणसांच्या श्रद्धेला. ‘धर्मजागृती’ बरं. या जागृतीतले मेथडिस्ट पुढारी जॉन वेस्ली यांनी अँग्लिकन चर्च सोडलं असंही लिहू नका. १७९१ मध्ये वारले तेव्हाही ते अँग्लिकन पाद्रीच होते.

‘चॅरिटी’ कायद्याच्या अंगाने आली तर ‘धर्मादाय’. १६०१ चाच दुसरा एक कायदा आहे, त्यातल्या यादीत शाळा, पूल, बंदरं, रस्तेदुरुस्ती, गरीब मुलींची लग्नंसुद्धा आहेत. ‘दानधर्मा’त यातलं निम्मं बसत नाही. ‘धर्मादाय आयुक्त’ आपल्याला ठाऊक आहेतच. फक्त ‘चॅरिटी स्कूल’ची ‘धर्मशाळा’ करू नका.

पानवाचक: शेवटचं, ‘क्लॅपहॅम सेक्ट’?

रेघोट्या: ‘क्लॅपहॅम गट’. लंडनजवळच्या क्लॅपहॅममधल्या सुधारकांचा गट, पंथ नव्हेच तो. गुलामगिरीविरोधी खासदार विल्बरफोर्स, बँकर हेन्री थॉर्नटन, झॅकरी मॅकॉले, तिथले रेक्टर (मुख्य पाद्री) जॉन व्हेन, असे बहुतेक अँग्लिकनच. ‘सेक्ट’ हे मागाहून चिकटलेलं टोपणनाव.