विषय: एमएस संपत आलं, पीएचडीचा अर्ज करायचाय: शिफारसपत्रं, जीआरई आणि डिसेंबरची पदवी

प्रेषक: स. (मेकॅनिकल, एमएस, तिसरं सेमिस्टर)

नमस्कार मंडळी,

पुढच्या ऑगस्टपासून पीएचडी सुरू करायची आहे. बहुतेक विभागांची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या मध्ये आहे. थीसिस चालू आहे आणि विभागाच्या हिशेबाने डिसेंबरमध्येच पदवी घेता येईल. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, बीई पुणे विद्यापीठाचं.

सध्याच्या गाइडना सांगायचं का, की बाहेरही अर्ज करतोय? जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी का? आणि डिसेंबर ते ऑगस्ट या मधल्या महिन्यांचं काय करायचं? मित्र म्हणतात, काही होत नाही, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रमाणपत्र) ट्रान्सफर करून टाक.

स.

---

प्रेषक: र. (मंडळाचा विद्यार्थी मदत गट)

स.,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या चुका पुढच्या वर्षी सुधारता येतात, ही येत नाही. मित्रांचं ऐकू नकोस.

प्रोग्रॅम संपल्यावर एफ-१ला ६० दिवस मिळतात. तेवढ्यात सेविसमधलं (सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीतलं) रेकॉर्ड दुसऱ्या विद्यापीठाकडे हलवायचं, ओपीटीचा (शिकून झाल्यावर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज टाकायचा किंवा देश सोडायचा. पण रेकॉर्ड हलवलं म्हणून सुटका होत नाही. नवे वर्ग जुना प्रोग्रॅम संपल्यापासून पाच महिन्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत. १५ डिसेंबरला पदवी धरली तर पाच महिने १५ मेला भरतात आणि तुझे वर्ग ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे नुसती ट्रान्सफर बसतच नाही. मे महिन्यात पदवी घेणाऱ्यांना ही अडचण येत नाही, म्हणून तुझ्या मित्रांना ती ठाऊक नसणार.

मार्ग दोन. पहिला, थीसिसचा डिफेन्स (तोंडी परीक्षा) वसंत सत्रात घ्यायचा आणि पदवी मेमध्ये. शेवटच्या सत्रात गरजेपुरतेच क्रेडिट उरले असतील तर डीएसओच्या (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) परवानगीने कमी क्रेडिटवर राहता येतं. मात्र आय-२०वरची शेवटची तारीख डिसेंबरची असेल तर ती संपायच्या आत वाढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी शैक्षणिक कारण लागतं. 'प्रयोग अपुरे आहेत, प्रकरण लिहायचं आहे' असं गाइडचं पत्र चालतं. 'पीएचडी ऑगस्टमध्ये आहे' हे कारण होत नाही.

दुसरा मार्ग ओपीटीचा. अर्ज प्रोग्रॅम संपायच्या आधी ९० दिवसांपासून नंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो आणि डीएसओने सेविसमध्ये शिफारस टाकल्यावर ३० दिवसांत तो यूएससीआयएसकडे (सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोचला पाहिजे. या ३० दिवसांत चुकणारे पुष्कळ असतात. आधी शिफारस घेतात आणि मग फोटो शोधत बसतात. ओपीटीत बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. आपल्या विषयातलं आठवड्याला किमान २० तासांचं काम, बिनपगारी का असेना, पहिल्या बारा महिन्यांत धरलं जातं, म्हणून गाइडच्या लॅबमध्ये राहता येतं. ते काम काय, किती तास, कोणाच्या हाताखाली, हे पत्र आधी घेऊन ठेव.

पुढे रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे सोडायची जी तारीख ठरेल, त्या दिवशी ओपीटी संपते, ओपीटीच्या कार्डावर पुढची तारीख असली तरी. त्यामुळे प्रवेशाचं पत्र हातात आलं म्हणून उत्साहात मार्चची तारीख देऊ नकोस. वर्ग सुरू होण्याच्या जवळची दे.

व्हिसाच्या शिक्क्यावर जुन्या विद्यापीठाचं नाव आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. मुदत शिल्लक असेल आणि सेविस क्रमांक तोच असेल तर नव्या आय-२०सोबत तोच शिक्का चालतो. सेविसची फीही पुन्हा भरावी लागत नाही.

र.

---

प्रेषक: ज. (प्रवेश समितीच्या कामाची माहिती असणारा सभासद)

र. ताईंनी व्हिसाचं सगळं सांगितलंच आहे, मी कागदांचं सांगतो.

गाइडना सांगायचंच. आणि 'बाहेर अर्ज करतोय' हे दुसरं वाक्य असू दे. पहिलं वाक्य: 'तुमच्याकडे पीएचडीचा विद्यार्थी घ्यायचा विचार आहे का, आणि अनुदान आहे का?' उत्तर 'नाही' आलं तर बाहेरचा विषय आपोआप निघतो. 'हो' आलं तरी विचार, एमएसमधून पीएचडीत जायला आपल्या विभागात नुसता अंतर्गत अर्ज पुरतो की डिसेंबरचा पूर्ण अर्ज लागतो. दोन्ही पद्धती आहेत.

एमएसच्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये थीसिस गाइडचं पत्र नसलं, तर समिती पहिला प्रश्न तोच विचारते. बाकीची दोन पत्रं तुझं काम पाहिलेल्यांची असू देत. 'माझ्या वर्गात याला ए मिळाला' एवढंच सांगणारं पत्र वाया जातं, कारण ए ट्रान्सक्रिप्टवर दिसतोच.

पत्रं मुदतीच्या आधी पाच-सहा आठवडे मागायची. सोबत एक पान द्यायचं: काय काम केलं, कोणता भाग फक्त तुझा, काय निष्पन्न झालं, काय फसलं. त्याखाली विद्यापीठ, प्रोग्रॅमचं नेमकं नाव आणि मुदत यांचा तक्ता. पोर्टलमध्ये नाव आणि ईमेल भरल्यावरच त्यांना लिंक जाते. काही पोर्टल ती अर्ज सबमिट झाल्यावरच पाठवतात, म्हणून १५ तारखेच्या रात्री अकराला अर्ज टाकणाऱ्याचे प्राध्यापक तोवर झोपलेले असतात. पत्र पाहण्याचा हक्क सोडतो का, असं फॉर्म विचारतो, 'सोडतो' म्हणायचं. न सोडलेल्या पत्राला वजन राहत नाही.

पुण्याच्या सरांकडून पत्र घेणार असशील तर कॉलेजच्या डोमेनचा ईमेल माग, जीमेलवरून आलेल्या पत्राची खातरजमा होत नाही. आणि 'तूच मसुदा लिहून आण, मी सही करतो' या आपल्याकडच्या रिवाजाला नम्रपणे नाही म्हण. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची असली की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अजून एक, खास आपल्याकडची गोष्ट. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात पासपोर्टप्रमाणे लिही आणि 'अन्य नावं' असा रकाना असेल तिथे गुणपत्रिकेवरचं लिही. नाहीतर ट्रान्सक्रिप्ट वेगळ्याच माणसाच्या नावावर जाऊन पडते. टक्केवारी किंवा दहापैकी सीजीपीए मूळ मापातच भर, आपल्या मनाने चारपैकीच्या मापावर आणू नकोस. अर्जाला बहुतेक ठिकाणी स्कॅन प्रत पुरते, सीलबंद प्रत प्रवेशानंतर. पण ती मागवायची असेल तर दिवाळीच्या सुट्टीच्या आधी माग.

जीआरई: अनेक विभागांनी काढून टाकली आहे, काही मात्र अजून मागतात. विद्यापीठाच्या नव्हे, विभागाच्या पानावर बघ. गुण पाच वर्षं चालतात, एमएसच्या वेळचे असतील तर तेच पाठव. टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) दोनच वर्षं चालतात, पण अमेरिकेतली पदवी असेल तर बहुतेक ठिकाणी माफ असते. पदवी 'मिळालेली' हवी की 'मिळणार असलेली' चालते, एवढं ईमेल करून विचारून घे.

ज.

---

प्रेषक: स.

ज. काका, र. ताई, आभार. एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) एमएसबद्दल किती लिहायचं? आणि प्राध्यापकांना आधी ईमेल करावी का?

---

प्रेषक: ज.

जवळजवळ सगळंच. 'लहानपणापासून यंत्रांची आवड' हा परिच्छेद कापून टाक. बीईवाल्याला आवड सांगावी लागते, तुझ्याकडे काम आहे. दोन पानांत: कोणता प्रश्न, कोणती पद्धत, काय मिळालं, काय राहिलं. ते राहिलेलंच पुढच्या पीएचडीचं दार असतं. मग तिथले दोन-तीन प्राध्यापक आणि तुझ्या कामाचा त्यांच्या कामाशी सांधा. पाच नावं लिहिलीस तर एकाचंही नीट वाचलेलं नाही असा अर्थ होतो.

ईमेल जरूर कर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आठ-दहा ओळी, सीव्ही जोडलेला, आणि एकच सरळ प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानांना कात्री लागल्यावर अनेक ठिकाणी पीएचडीच्या जागा कमी झाल्या, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. शंभर डॉलरच्या आसपास फी भरण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा. एनएसएफच्या (इथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या) जीआरएफपी फेलोशिपमध्ये वेळ घालवू नकोस, ती नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. ग्रुपवर ज्यांची मुलं इथेच जन्मली आहेत, त्यांनी मात्र पाहावी.

ऑफर आली की पत्रात चार गोष्टी शोध: स्टायपेंड (विद्यावेतन) नऊ महिन्यांचा की बारा, ट्यूशनव्यतिरिक्तच्या फीया कोण भरतं, आरोग्यविमा, आणि किती वर्षांची हमी. मोठ्या आकड्याचा नऊ महिन्यांचा स्टायपेंड उन्हाळ्यात शून्य होतो. एमएसचे किती क्रेडिट धरतील तेही आताच लेखी माग. उत्तराची घाई करतील. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना अर्थसाहाय्याच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी सक्ती करता येत नाही. पण नको असलेली ऑफर धरून ठेवू नकोस, त्या जागेवर वेटलिस्टमधलं कोणीतरी असतं.

---

प्रेषक: र.

स., डिफेन्स मेमध्ये न्यायचं ठरलं तर गाइडना पत्र आताच माग. ते लिहितील, विभाग सही करेल, डीएसओ नवी तारीख टाकेल, आणि हे सगळं जुनी तारीख संपायच्या आत. आय-२० काढून तारीख बघ आणि इथे कळव.